सोडवा म्हणणाऱ्याचं ऐकताना

मंडळी, हा विषय सणासुदीचा नव्हे. पण ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्या घरानं टाळावा असाही नव्हे. असाध्य दुखण्यात रोग्यानं मागितलं तर डॉक्टरांनी मरण द्यावं, असा कायदा नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून लागू आहे. आपल्याकडेही तो व्हावा, असं शहाणीसुरती माणसं म्हणतात. मला मात्र धास्ती वाटते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगारानं तिचा गळा साखळीनं आवळला. मेंदूला इजा झाली ती कायमचीच. लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या सुटकेसाठी सुप्रीम कोर्टात अर्ज केला, तो ७ मार्च २०११ ला फेटाळला गेला. तिला मरू द्या, असं तिची सेवा करणाऱ्या परिचारिका म्हणतच नव्हत्या! इतकी वर्षं खाटेवर पडून अंगाला एक जखम नव्हती. १८ मे २०१५ ला ती न्यूमोनियानं गेली. पोटच्या लेकीसारखी सेवा म्हणायची ती.

त्याच निकालात कोर्टानं एक भीती बोलून दाखवली. इस्टेटीच्या लोभानं नातलग डॉक्टरला हाताशी धरतील. आता तुम्हीच सांगा, सातबाऱ्यावर नाव चढवायच्या घाईत अंगठे कसे उठवले जातात, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का?

पण लोभापेक्षा मला संकोचाचं भय जास्त वाटतं. आमचे थोरले चुलते दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. "आता सोडवा मला," हे त्यांचं पालुपद. पुढं ध्यानात आलं, पेरणी-मळणीच्या दिवसांतच ते असं जास्त म्हणत. कूस बदलायला घरात कुणी नसे ना! पाऊस लागून सगळे घरी असले, की हेच चुलते चहा मागत आणि बैलांची चौकशी करत. त्या "सोडवा"वर एखाद्यानं अर्ज भरून घेतला असता, तर?

दुसरी बाजूही आहे. कॅन्सरच्या कळा ज्यानं पाहिल्या, तो माझ्यावर रागावेल, आणि त्याचं चुकत नाही. पण त्या कळांवर मॉर्फिन हे औषध आहे. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. तालुक्याच्या गावी ते मिळतं का, हे आधी विचारू या. मरणाचा कायदा त्यानंतर.

सुई टोचून मारणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. मात्र बरं होण्याची आशा नसताना यंत्रं, नळ्या नकोत, असं शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली ही मुभा दिली आणि २०२३ साली रीत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं तपासणी करतात. ही चाळणी मला पटते.

माझा कागद मी या दिवाळीनंतर करणार आहे. नळ्या नकोत, पण दुखणं थांबवायचं औषध हवं, असं त्यात लिहीन. माझ्या वतीनं बोलायला धाकट्या बहिणीचं नाव घालीन. माझ्या जमिनीची ती वारस नाही.