गोड कीं कोरडी?

एखाद्या द्रवाला ‘कोरडा’ म्हणावें, ही कल्पना आपल्या भाषेला मोठी चमत्कारिक वाटते. पण ज्या वारुणींत साखरेची गोडी उरलेली नाहीं तिला युरोपांतील मद्यरसिक कोरडी म्हणतात, आणि ती आवडणें हें अभिजात रुचीचें लक्षण मानतात. गोड आवडणाऱ्यानें त्यांच्या पंक्तीला थोडें ओशाळूनच बसावें!

गेल्या हिवाळ्यांत भाच्यानें इटलीहून फेसाळ वारुणीच्या दोन बाटल्या आणल्या. एक पिएमाँत प्रांतांतील ‘मोस्कातो द आस्ती’, दुसरी व्हेनेतोकडील ‘प्रोसेक्को ब्रूत’. मी जाणकार नव्हे, केवळ हौशी. पहिलीला संत्र्याच्या बहराचा वास होता आणि गोडी मधासारखी. दुसरींत हिरव्या सफरचंदाचा आंबूसपणा; सांबारवडीच्या घांसानंतर तिनें तोंड अगदीं स्वच्छ केलें. हिनें मात्र एकेका घोटांतच निकाल दिला, “पहिली चांगली. ती दुसरी तुम्ही मामाभाचे घ्या!”

द्राक्षांच्या जाती निराळ्या आहेतच. पण मुख्य भेद साखरेच्या जमाखर्चाचा. किण्व साखर खातें आणि तिचा मद्यार्क व कर्बवायु बनवितें. आस्तीकडे रस थंड करून हें काम मध्येंच थांबवितात. म्हणून साखर उरते आणि मद्यार्क शेंकडा ५ च्या आसपास राहतो. प्रोसेक्कोंत साखर बहुतेक संपूं देतात, मग बंद टाकींत पुन्हां आंबवून फेंस आणतात. मद्यार्क शेंकडा ११ च्या घरांत जातो. गंमत अशी कीं, ‘एक्स्ट्रा ड्राय’, म्हणजे अतिकोरडी, अशी चिठ्ठी असलेली बाटली ब्रूतहून गोड असते! तिच्यांत लिटरमागें १२ ते १७ ग्रॅम साखर चालते. ब्रूतमध्यें १२ हून कमी. सारांश, गोडी आणि धुंदी यांचा खर्च एकाच थैलींतून होतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यांत हें शास्त्र मोहाखालींच शिकावयास मिळतें. चैत्रांत पहाटे फुलांचा सडा पडतो आणि गोंड बायकामुलें तो टोपल्यांत वेंचतात. उन्हांत वाळलेलें फूल मनुकेसारखें तपकिरी होतें आणि पुढें खाण्याच्याही उपयोगी पडतें. तींच फुलें आंबवून भट्टी लावली कीं गोडी जाऊन दारू उरते. वाळलेलें फूल कोरडें असून गोड, आणि त्याची दारू ओली असून कोरडी!

परंतु इटलीच्या बाटलीला आपण रसिकता म्हणतों आणि मोहाच्या मडक्याला व्यसन. दारूनें उजाड झालेलीं घरें मीं पाहिलीं आहेत. त्या दुःखाला झांकण घालण्याचा माझा हेतु नाहीं. पण मद्यार्क कांहीं बाटली पाहून घर निवडीत नाहीं. तेव्हां निंदा करावयाची तर कांटा एकच असावा, आणि कौतुक करावयाचें तर पहाटे फुलें वेंचणाऱ्या हातांनाही त्याचा वांटा मिळावा.

राहिली आवड. जेवणाबरोबर मला कोरडी रुचते, नुसत्या गप्पांना गोड. बाकी आपली जीभ काय म्हणते तें दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून कुणीं ठरवूं नये.