मान्यताप्राप्त

'अग्निशामक' हा शब्द आम्हाला फार आवडतो. वेदनाशामकातला 'शामक' तोच यातला. आग मारायची नाही, शमवायची. इंग्रजीतला फायरफायटर आगीशी लढतो, आमचा तिला शांत करतो. बोलण्यात मात्र आम्ही वसईकर 'बंबवाले' असेच म्हणतो. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात; १७३९ पर्यंत ज्यांनी येथे राज्य केले त्यांनी किल्ल्यासोबत हा शब्दही मागे ठेवला असावा, असा आमचा तर्क आहे. असो. शब्दांत रमणे हा मराठीच्या प्राध्यापकांचा धंदाच आहे. तूर्त सांगायचे आहे ते एका दुसऱ्या शब्दाविषयी, आणि त्याची किंमत मोजणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याविषयी.

महानगरपालिका 'अग्निशामक' पदाची जाहिरात काढतात. तिचा मजकूर राज्यभर बहुतांशी एकसारखा असतो. दहावी उत्तीर्ण. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ५ सेंटिमीटर अधिक. मराठी लिहिता, वाचता, बोलता येणे आवश्यक (ही अट वाचून आमची छाती विनाकारण फुगते). आणि यांच्यामध्ये एक ओळ असते : राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई यांचा सहा महिन्यांचा अग्निशमन पाठ्यक्रम उत्तीर्ण. हे केंद्र सांताक्रूझला, कालिन्याच्या विद्यानगरी परिसरात आहे. विरारहून लोकलने जेमतेम तासाभराचे अंतर.

आता दुसरा मजकूर पाहू. नालासोपारा स्थानकाबाहेर वाटले जाणारे एक रंगीत पत्रक आमच्या टेबलावर आहे. 'फायर अँड सेफ्टी'चा पदविका अभ्यासक्रम, शंभर टक्के नोकरीची हमी, पाठीमागे ज्वाळा आणि समोर शिरस्त्राणातला देखणा तरुण. संस्थेचे नाव आम्ही देत नाही. तशी एकच नाही. आमचा रस विशेषणांत आहे. संस्था 'नोंदणीकृत' आहे, 'प्रमाणित' आहे, 'संलग्न' आहे, शेवटी ठळक अक्षरांत 'मान्यताप्राप्त'ही आहे. नोंदणी किराणा दुकानाचीही होते. प्रमाणित म्हणजे कार्यालयाची कार्यपद्धती कोणीतरी तपासली आहे. संलग्न कोणाशी, ते छापलेले नाही. आणि मान्यता? कोणाची, कशासाठी? मराठीत 'मान्यता' म्हणजे अधिकृत स्वीकृती आणि 'मान्यता' म्हणजे लोकांत रूढ असलेली समजूतही. पत्रक पहिल्या अर्थाचे पैसे घेते आणि दुसऱ्या अर्थाचा माल देते. वर्गात आम्ही अनेकार्थतेचे कौतुक करतो. तिचा असा उपयोग कोणत्याही साहित्यशास्त्रात नोंदलेला नाही.

आमचा विद्यार्थी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा त्याने हा अभ्यासक्रम केला. वडील सातिवलीच्या एका कारखान्यात यंत्रावर, आई घरी डबे करते. तीन हप्त्यांत चाळीस हजार रुपये गेले. शेवटच्या हप्त्याला आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. पत्रक त्याने आम्हाला दाखवले ते प्रमाणपत्र हातात पडल्यावर, आणि तेही अभिमानाने.

२०२३ च्या आरंभी मुंबई अग्निशमन दलाची ९१० पदांची भरती निघाली. दहिसरला मैदानी चाचण्या व्हायच्या होत्या : तीन मिनिटांत ८०० मीटर धावणे, १९ फुटांवरून ताणलेल्या जाळीत उडी, खांद्यावर ५० किलोची मानवाकृती. या भरतीला आधीचा पाठ्यक्रम लागत नव्हता. मुंबई आपल्या जवानांना स्वतः शिकवते. मुलगा धावण्यात पटाईत. आमच्यासमोरच बसून तो जाहिरात वाचत होता आणि एका आकड्यावर त्याचे बोट थांबले. पुरुष उमेदवारांसाठी उंची १७२ सेंटिमीटर. तो १६८ आहे.

म्हणजे मुंबईत प्रशिक्षण मिळते, तर उंची कमी पडते. इतरत्र उंची पुरते, तर प्रशिक्षण कमी पडते. सांताक्रूझचे ते सहा महिने असते तर राज्यातल्या डझनावारी महापालिकांची दारे त्याला उघडी होती. शुल्क, गणवेश, बूट, खाणे हा खर्च तेथेही आहेच, आणि सहा महिने घरात कमावता हात येत नाही तो खर्च कोठेच छापला जात नाही. पण तो एकदाच होतो. आमच्या विद्यार्थ्याच्या घरी तो दुसऱ्यांदा करायचा आहे, पहिल्याचे व्याज फेडता फेडता.

हे ऐकून वर्गातल्या काही जणांनी कागदावरच राग काढला. आगीत उडी घ्यायला धाडस लागते, प्रमाणपत्र कशाला? हे म्हणणे साहित्याच्या विद्यार्थ्यांना शोभण्याइतके स्वच्छंदवादी आहे आणि आम्हाला अजिबात मान्य नाही. आगीत बहुतेक माणसे ज्वाळेने नव्हे, धुराने मरतात. धुरात वाकून, भिंतीला हात लावून पुढे जायचे असते, आणि ज्या वाटेने आत गेलो तिचे भान सोडायचे नसते. पाठीवरचा अर्ध्या तासाचा म्हणून दिलेला हवेचा सिलिंडर घाबरून जोरजोराने श्वास घेणाऱ्याला त्याच्या कितीतरी आधी संपतो. शिडी, गाठी, पंपाचा दाब हे सारे अंगवळणी पडेपर्यंत घोटावे लागते. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर या पहिल्या महिला विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या त्याचे कौतुक आम्ही सारे करतो. पण त्या महाविद्यालयाचा पूर्ण अभ्यासक्रम पार पाडून बाहेर पडल्या, हे त्यातले महत्त्वाचे. आमच्या विद्यार्थ्याने पदविकेच्या काळात श्वसनयंत्र पाठीवर चढवले होते का, असे आम्ही विचारले. 'फोटोसाठी, सर,' तो म्हणाला.

शिकलेल्यांनाही आग सोडत नाही, हे खरे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटांत मुंबई दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाची इमारत आगीत कोसळली आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अनुभवी अधिकारी मृत्युमुखी पडले. तेव्हा न शिकलेल्याला आत पाठवणे म्हणजे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि येथे, आमच्या दारात? २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला; १३ कोविड रुग्ण गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारचीच रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ माणसे ढिगाऱ्याखाली मेली. ती इमारत अनधिकृत होती. बंबवाल्यांना आगीइतकेच ढिगारेही उपसावे लागतात. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीची आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातले प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. आमच्या सोसायटीच्या जिन्यातली नळकांडी लाल रंगाने दरवर्षी रंगवली जातात. त्यांत पाणी आहे का, हे आम्ही बैठकीत विचारले तेव्हा विषयपत्रिका पुढे सरकली. कागद आणि वस्तू यांची फारकत आमच्या शहरात केवळ पदविकांपुरती नाही.

आमचा विद्यार्थी सध्या वसईच्या एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळीला 'फायर सुपरवायझर' आहे. पदविकेने एवढे मात्र दिले, हे नमूद करणे न्यायाचे आहे. पगारातून त्याने पाटल्या सोडवल्या. रोज पहाटे पाळी संपल्यावर तो मैदानात धावतो, आणि सांताक्रूझच्या प्रवेशाची सूचना कधी निघते याकडे डोळे लावून आहे. वयाची मर्यादा फार दूर राहिलेली नाही. गेल्या आठवड्यात तो एक जाहिरात घेऊन आला. त्यात 'मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र' असे शब्द होते. 'सर, कोणाची मान्यता ते यात लिहिलेलं नाही. पैसे भरायच्या आधी विचारू ना?' आम्ही दूरध्वनी क्रमांक शोधून दिला. तीनदा लावला, कोणी उचलला नाही. चौथ्यांदा तो उद्या लावणार आहे.