कर्वेनगरातले सायकलींचे घर

एकेकाळी पुण्याची ओळखच मुळी सायकलींचे शहर अशी होती. कारखान्याच्या भोंग्यावर निघालेले कामगार, कॅरिअरला डबा लावलेले कारकून, कॉलेजची मुले-मुली सारे सायकलवर. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, दांडीखालून पाय घालत शिकलेल्यांची पिढी आजही त्या आठवणींत रमते. पुढे घरोघरी स्कूटर आली, मग मोटार आली. सायकल जिन्याखाली गेली आणि तिथून बहुधा भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

याच पुण्यात, कर्वेनगरच्या सहवास सोसायटीत, विक्रम पेंडसे यांनी मात्र अशा सायकलींना घर दिले. नव्वदच्या दशकात हाती आलेल्या एका बीएसए पॅराट्रूपरपासून त्यांचा छंद सुरू झाला. गंजलेल्या सायकली मिळवायच्या, सुटे भाग शोधायचे आणि त्या पुन्हा उभ्या करायच्या, असे करता करता संग्रह शंभराच्या पुढे गेला. २०१७ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. सायकलींच्या जोडीला जुने दिवे, पंप, लहान मुलांच्या तीनचाकी आणि घरगुती वापराच्या जुन्या वस्तूही इथे पाहायला मिळतात.

पॅराट्रूपरची कथा मोठी रंजक आहे. बीएसए ही मूळची इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. म्हणूनच तिच्या सायकलीवर तीन बंदुकांचे चिन्ह असे. दुसऱ्या महायुद्धात तिने छत्रीधारी सैनिकांसाठी मधोमध दुमडणारी सायकल तयार केली. हाताने फिरवायचे दोन नट सैल केले की सायकलीची घडी होई. वजन सुमारे पंधरा किलो! युद्ध संपल्यावर यातल्या अनेक सायकली सामान्य लोकांना विकल्या गेल्या.

जुन्या सायकलींचे मोल पाहायचे असेल तर अमेरिकेकडे वळावे लागेल. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुणांनी १९३० च्या दशकातल्या जाड टायरच्या, टाकाऊ ठरलेल्या सायकली स्वस्तात मिळवल्या आणि त्या घेऊन ते डोंगरउतारावरून सुसाट सुटू लागले. १९७६ मध्ये तिथे शर्यतच सुरू झाली. तिचे नाव ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे. पायडल उलटे दाबून लावायचा ब्रेक उतारावर इतका तापे की मागच्या चाकातले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. आज सिंहगडाच्या घाटात मुले ज्या गिअरच्या ‘माउंटन बाइक’ दामटतात, त्यांचे कूळ असे आजोबांच्या जमान्यातल्या सायकलींपर्यंत पोहोचते. त्या तरुणांनी जुनी सायकल नुसती पुसून ठेवली असती तर हे घडले नसते.

आपल्या घरीही वडिलांची किंवा आजोबांची सायकल पडून असेल तर ती विकण्याची घाई करू नये. प्रथम तिच्या पुढच्या नळीवरचा बिल्ला आणि सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहावा. सायकलीचे वय व कूळ त्यावरून कळू शकते. गंजलेल्या नटांवर जोर न लावता आदल्या रात्री तेल सोडावे. सरसकट नवा रंग देऊ नये, मूळच्या रेघा व अक्षरे कायमची जातात. छर्रे काढून धुवावेत, ग्रीस भरावे, चाकांचा आऊट काढून घ्यावा. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलल्याशिवाय मात्र रस्त्यावर आणू नये. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकली इंग्लिश सायकलींच्याच घडणीच्या असल्यामुळे बरेच भाग आजही जुळतात.

अवघड आहे ते हे काम जाणणारा कारागीर मिळणे. कोपऱ्यावरची सायकलची दुकाने कमी होत चालली आहेत आणि त्यांच्याबरोबर हातातले कसबही. म्हणून घरची सायकल दुरुस्तीला नेताना मुलांना सोबत न्यावे, कारागिराशेजारी तासभर बसू द्यावे. सायकल तर वारशाने मिळेलच. ती चालती ठेवण्याची विद्याही मिळायला हवी.

पुण्याला जाणे झाले तर वेळ आधी विचारून कर्वेनगरचे हे संग्रहालय सहकुटुंब जरूर पाहावे. आजी-आजोबांना बरोबर न्यायला विसरू नये. तिथल्या सायकलींविषयी सांगण्यासारखे पुष्कळ त्यांच्याकडेच असते.