शंभर पाण्यांचं तूप

थंडी आल्याचं सर्वांत आधी ओठांना कळतं. दिवाळीचे चार दिवस ओसरतात, तुळशीचं लग्न लागतं आणि एका सकाळी हसता हसता ओठाला बारीकशी चीर जाते. मग गाल ताणायला लागतात, कोपरं पांढरी पडतात, नडगीवर सहज नख फिरलं तरी रेघ उमटते. मुलांचे गाल उलतात, बायकांच्या टाचा उलतात, आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, काहीतरी लाव अंगाला.’ त्या ‘काहीतरी’साठी मी दर हिवाळ्यात तांब्याची परात खाली काढते आणि शतधौत घृत करायला बसते.

चेहऱ्याला लावायचं क्रीम घरी करायचं म्हटलं की हल्ली कोरफड, गुलाबपाणी, बदामतेल, व्हिटॅमिनच्या गोळ्या अशी लांबलचक यादी समोर येते. शतधौत घृताला मात्र लागतं साजूक तूप आणि पाणी. तिसरं काही नाही. एवढ्या दोन जिनसांतून पांढरंशुभ्र, हलकं, बोटाला धरून राहणारं क्रीम तयार होतं, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मला तर ते दर वेळी करतानाही नवल वाटतं. चरकसंहितेत विसर्पासारख्या, कातडीची आग करणाऱ्या विकारांत हे तूप लेप म्हणून सांगितलेलं आहे. सहस्रधौत, म्हणजे हजार वेळा धुतलेलं तूपही त्या परंपरेत येतं. हजारापर्यंत जाण्याची माझी ताकद नाही. शंभर माझ्या हाताला पुरतात.

मला हे शिकवलं आत्याने. तिच्या ओसरीवर, दुपारची जेवणं उरकल्यावर. तिची परात चिंच-मिठाने घासून लखलखीत केलेली असायची. तूप घरचं कढवलेलं, बेरी नीट गाळून घेतलेलं, कारण बेरीचा कण राहिला तर तो पुढे कुजतो. चार चमचे तूप परातीत घ्यायचं, त्यावर तेवढंच गार पाणी घालायचं आणि तळहाताने गोल गोल घोळायचं. दोनेक मिनिटं घोळून झालं की परात कलती करून पाणी काढून टाकायचं. हे एक पाणी झालं. शेजारच्या वाटीत शंभर चिंचोके मोजून ठेवलेले असत. प्रत्येक पाण्याला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत जायचा. मी मध्येच कंटाळून ‘झाले असतील गं शंभर’ म्हटलं, की ती मान वर न करता म्हणायची, ‘चिंचोके सांगतील. तू हात चालव गो.’

पहिली काही पाणी तूप आणि पाणी एकमेकांना अजिबात दाद देत नाहीत. तूप रवाळ असतं, तळहाताखाली त्याचे दाणे सरकतात, पाणी बोटांच्या फटींतून निसटतं. सगळं निसरडं, बिनकामाचं वाटतं. नवख्या माणसाचा धीर सुटतो तो इथेच. दहा-बारा पाण्यांनंतर दाणे मोडतात आणि काढलेलं पाणी गढूळ दिसू लागतं. तिशी-चाळिशीत पिवळा रंग फिका पडतो, तुपाचा वास मंदावतो. साठीच्या पुढे हाताला वेगळंच काहीतरी जाणवतं. आता तूप पाण्याला झिडकारत नाही, आत घेतं. परात कलती केली तरी पाणी पूर्वीसारखं सगळं सुटून येत नाही. घोळताना हात जड होतो, मग पुन्हा हलका होतो, आणि तळहात उचलला की खाली पांढरे कंगोरे उभे राहतात. शंभर होईपर्यंत परातीतलं तूप मूळच्यापेक्षा नजरेला जास्त दिसतं. वास जवळजवळ गेलेला असतो. तुपाला वास देणाऱ्या हलक्या आम्लांपैकी जी पाण्यात विरघळतात, ती इतक्या धुण्यांत वाहून गेलेली असतात. पांढरा रंगही वरून आलेला नसतो. स्निग्धांशात अडकलेले पाण्याचे असंख्य बारीक थेंब उजेड चहूकडे उधळतात, म्हणून ते पांढरं दिसतं. क्रीम म्हणतात ते हेच: एरवी एकत्र न नांदणारे तेल आणि पाणी, इतके बारीक होऊन एकमेकांत मुरलेले की वेगळे ओळखू येत नाहीत.

परातीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कल्हई नसलेल्या तांब्यात तूप, दही ठेवू नये, ते कळकतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तरीही हे काम परंपरेने तांब्यातच करतात. म्हणून शंभरावं पाणी काढलं की तूप क्षणभरही परातीत राहू द्यायचं नाही. लाकडी चमच्याने उचलून कोरड्या काचेच्या बरणीत भरायचं. हे तूप फक्त बाहेरून लावायचं, पोटात अजिबात घ्यायचं नाही.

तूप लावल्याने कातडी मऊ का होते, हे समजून घेतल्यावर माझी लावण्याची रीतच बदलली. कातडीचा सगळ्यांत वरचा थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाही जाड नसतो. त्यात चपट्या, मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात, आणि जांभ्याच्या चिऱ्यांमध्ये चुना भरावा तसा त्यांच्या फटींत शरीराने स्वतः बनवलेला स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं हे त्याचं काम. हिवाळ्यातली कोरडी हवा, कढत पाण्याची आंघोळ आणि साबण या तिघांनी हा चुना झडतो. मग पाणी उडून जातं, पेशींच्या कडा उचकटतात आणि अंग उलतं. म्हणजे कातडी मऊ राहते ती पाण्याने. तेलातुपाने तिला पाणी मिळत नाही, असलेलं पाणी राखलं जातं. म्हणून क्रीम कोरड्याठाक चेहऱ्यावर चोपडण्यात फारसा अर्थ नाही. तोंड कोमट पाण्याने धुवावं, पंच्याने हलकेच टिपावं आणि ओल आहे तोवरच मटाराच्या दाण्याएवढं तूप बोटांवर पसरून लावावं. जास्त लावलं तर ते नुसतं उशीला लागतं.

जुन्या बायकांना ही पेशीबिशींची भाषा ठाऊक नव्हती, पण रीत पक्की ठाऊक होती. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग आठवून पाहा. थंडी सुरू होते नेमकी तेव्हा अंगाला तेल जिरवायचं आणि साबणाऐवजी उटणं लावून न्हायचं. साय आणि चिमूटभर हळद गालांवर चोळायची. फणेरपेटीत मेणाची एक छोटी डबी असायची. कपाळावर आधी मेणाचा ठसा आणि त्यावर कुंकू. ते मेण बोटाला लागलेलं असे, ते ओठांवर फिरे. कोकणात कोकमाचं तेल तर घरोघरी. आमसुलं घालून झाली की उरलेल्या बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि गार झाल्यावर वर साकळलेलं तेल काढून त्याचे गोळे वळायचे. हे तेल एरवी घट्टच असतं. टाचेच्या भेगेत घालायचं तर गोळा जरा शेकून घ्यावा लागतो.

याच कोकमतेलाचा आणि मेणाचा मलम मी शतधौत घृताच्या जोडीला करते. एक चमचा किसलेलं मधमाश्यांचं मेण, दोन चमचे कोकमतेल आणि पाच चमचे तिळाचं तेल एका वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची. मेण साधारण 63 अंशांना वितळतं, त्यामुळे थेट आचेची गरज नसते. सगळं एकजीव झालं की डबीत ओतायचं. पाण्याचा थेंबही नसल्यामुळे हा मलम सहज काही महिने टिकतो. मेण मात्र मधमाश्यांचंच घ्यावं, मेणबत्तीचं नव्हे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या भागातल्या मधपाळांकडे मधाबरोबर मेणही असतं.

बाजारातल्या क्रीमला मी नावं ठेवत नाही. मुळात तेही असल्याच हातकामातून निघालेलं आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाच्या वैद्याने मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून जो लेप केला, तोच आजच्या कोल्ड क्रीमचा पूर्वज. लावल्यावर त्यातलं पाणी उडतं आणि गार वाटतं, म्हणून ते ‘कोल्ड’. आपल्या मुंबईत 1919 मध्ये पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं आणि दोन-तीन पिढ्यांच्या आरशांपुढे ती बाटली दिसली. असल्या ‘स्नो’चा मुख्य घटक म्हणजे स्टिअरिक आम्ल, आणि कोकमाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा त्याच आम्लाचा असतो. रत्नागिरीच्या अंगणात वाळणाऱ्या बिया आणि शहरातली नक्षीदार बाटली यांच्यात नातं आहे ते असं.

माझं भांडण आहे ते गोरेपणाशी. मऊ कातडी म्हणजे उजळ कातडी, हे समीकरण आपल्या घरांत इतकं खोल रुजलं आहे की मी बरणी हातात ठेवली की पहिला प्रश्न येतो, ‘याने रंग उजळतो का?’ नाही. उजळत नाही आणि उजळायची काही गरजही नाही. गोरं करण्याचं आश्वासन आपल्या नावातच मिरवणारं, 1975 पासून घराघरांत पोचलेलं क्रीम अखेर 2020 मध्ये नाव बदलून मोकळं झालं. पण मुलीला बघायला येणाऱ्यांची नजर तेवढ्याने बदललेली नाही. सावळ्या पोरींना शाळेच्या वयापासून लिंबाचा रस आणि खायचा सोडा चोळायला लावणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. लिंबाचा रस कातडीला झेपेल त्याच्या कितीतरी पलीकडे आंबट असतो आणि सोडा उलट्या टोकाचा. दोन्हींनी तो झडत चाललेला चुना आणखी झडतो. पोर गोरी होत नाही, तिचे गाल चरचरतात. माझ्याकडे बरणी मागायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते, आणि सांगत राहणार आहे.

तितक्याच कळकळीने आणखी एक सांगते. घरचं आहे म्हणून ते निर्धोक असतं, असं नाही. जिथे पाणी आहे तिथे बुरशी आणि जंतू येणारच. बाजारच्या क्रीममध्ये ते रोखणारे पदार्थ घातलेले असतात, आपल्या बरणीत ते नसतात. म्हणून शेवटची दहा-बारा पाणी तरी उकळून गार केलेली वापरावी, बरणी फ्रिजमध्ये ठेवावी, ओलं बोट आत घालू नये आणि महिन्याच्या आत ती संपवावी. खवट वास आला की हळहळ न करता टाकून द्यावी. ताज्या कोरफडीचा गर घालून केलेलं क्रीम तर आठवडाभरही ठेवू नये. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरुमं येतात त्यांनी तूप, खोबरेल असलं जड काही चेहऱ्याला लावूच नये. नवीन काही लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. आणि कुणी भाजलं तर तूप, मलम काही न लावता ती जागा आधी वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी. जखम मोठी असेल तर दवाखाना गाठावा.

आत्याकडे बसून तूप धुताना माझ्या एक लक्षात आलं होतं. चेहऱ्याला लावण्याआधीच तुपाचं काम सुरू झालेलं असतं. साडेतीन-चार तास त्यात घोळलेला तळहात उठताना इतका मऊ झालेला असतो की आपलाच हात आपल्याला परका वाटतो. आत्याचे हात खरबरीत होते. विळ्याचे घट्टे, राखेने भांडी घासून झिजलेली बोटांची पेरं, नखांच्या कडेला उभ्या चिरा. वर्षातून ती एकच दुपार त्या हातांना तूप भेटायचं. बरण्या मात्र भरायच्या त्या सगळ्या आम्हा पोरींच्या गालांसाठी. तिने स्वतःसाठी कधी एक डबी बाजूला काढून ठेवलेली मला आठवत नाही.

आपण मऊपणाचा विचार करतो तो चेहऱ्यापुरता, कारण चेहरा दिसतो. थंडीने सर्वांत जास्त उलतात ते मात्र पाण्यात, मातीत आणि साबणात दिवस काढणारे हात. आज राखेची जागा भांड्यांच्या साबणाने आणि फरशीच्या फिनाइलने घेतली आहे. चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांची बोटं हिवाळ्यात पाहा. पेरांवरच्या चिरांत साबणाचं पाणी शिरतं तेव्हा त्या हात झटकतात आणि पुढचं भांडं उचलतात.

म्हणून या मार्गशीर्षात तूप धुवायला बसाल तेव्हा चार चमच्यांऐवजी आठ चमचे घ्या आणि बरण्या दोन भरा. एक आरशापुढे ठेवा. दुसरी तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना द्या. रात्री काम संपलं की हात धुऊन ओलसर असतानाच लावायचं आणि महिन्यात संपवायचं, एवढं त्यांना सांगा. आणि जमलं तर भांडी घासायला रबरी मोजेही आणून द्या, म्हणजे रात्री लावलेलं तूप दुसऱ्या दिवशी साबणाने वाया जाणार नाही.