सनद एकाची, वहिवाट दुसऱ्याची

आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त मामलेदार, ज्यांचे सारे आयुष्य जमाबंदी, फेरफार आणि हद्दीचे तंटे ह्यांत गेले, त्यांनी परवा एका संकेतस्थळाचा पत्ता मजपुढे धरून, "अहो, शेवटी 'डॉट आयओ' लिहिले आहे, तेव्हा हे दुकान कोणत्या मुलखाचे?" असा सवाल केला; आणि इंटरनेटवरील नावांच्या नोंदणीत उमेदीची वर्षे घालवूनही मला त्याचे उत्तर एका शब्दात देता आले नाही.

देशवाचक अंत्याक्षरांची ही व्यवस्था मुळात फार साधी होती. जॉन पोस्टेल ह्या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये तिचे नियम लेखी मांडताना, देश कोणता आणि कोणता नव्हे हे ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे, असे स्पष्ट करून तो निवाडा 'आयएसओ 3166' ह्या आंतरराष्ट्रीय यादीवर सोपविला. यादीत ज्यांना दोन अक्षरे मिळाली त्यांना तीच अंत्याक्षरे मिळाली; स्वित्झर्लंडला 'सीएच' मिळाले ते त्याच्या लॅटिन नावावरून, आणि दक्षिण आफ्रिकेला 'झेडए' मिळाले ते डच नावावरून. मात्र त्या यादीत सार्वभौम राष्ट्रांप्रमाणेच वसाहती आणि निर्जन बेटेही असल्यामुळे, नॉर्वेच्या ताब्यातील हिमाच्छादित बूव्हे बेटालाही, जेथे मनुष्यवस्ती नाही, स्वतःची अंत्याक्षरे लाभली आहेत.

अशी सनद हाती आली की तिचे काय होते, ह्याचे उद्बोधक उदाहरण म्हणजे प्रशांत महासागरातील तुवालू. अवघ्या 26 चौरस किलोमीटर भूमीच्या ह्या राष्ट्राच्या वाट्याला 'टीव्ही' ही अक्षरे केवळ वर्णयोगाने आली, आणि दूरचित्रवाणीच्या धंद्यातील मंडळींना ती हवीहवीशी वाटू लागताच तुवालूने 2000 साली ती एका अमेरिकी कंपनीला, बारा वर्षांत पाच कोटी डॉलर मिळावेत अशा कराराने, मक्त्याने दिली. त्याच वर्षी तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला, आणि त्या खर्चाला हाच पैसा उपयोगी पडला. मामलेदारांच्या भाषेत, सनद तुवालूची, वहिवाट परक्याची, परंतु खंड मालकाच्या खजिन्यात.

'डॉट आयओ'ची कथा इतकी प्रसन्न नाही. ती अक्षरे हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेशाची, म्हणजे चागोस द्वीपसमूहाची. संगणकाच्या परिभाषेत 'आयओ' म्हणजे आदान-प्रदान, म्हणून जगभरचे प्रोग्रामर ती हौसेने घेतात. परंतु दिएगो गार्सिया येथील लष्करी तळासाठी तेथील मूळ रहिवाशांना ब्रिटनने 1968 ते 1973 ह्या काळात बेटांवरून हुसकावून लावले, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांच्या भूमीचे नाव दप्तरी चढले त्यांच्या हाती सनदही नाही आणि वहिवाटही नाही. 2025 साली ह्या बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या तहावर सह्या झाल्या, तेव्हापासून ह्या अक्षरांचे पुढे काय, अशी चर्चा आमच्या व्यवसायात सुरू आहे. राज्य बुडाले की अक्षरेही जातात, असे म्हणावे तर सोव्हिएत संघाची 'डॉट एसयू', जी 1990 साली दिली गेली आणि जिचा धनी 1991 च्या अखेरीस उरला नाही, ती आजही चालू आहे. आणि जात नाहीत म्हणावे, तर युगोस्लाव्हियाची 'डॉट वाययू' 2010 साली रद्द झाली.

आपल्या 'डॉट इन'चे दप्तर आरंभी मुंबईतच, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते. तेव्हा कागदपत्रांची छाननी कडक आणि नावे मोजकी असत. 2005 पासून धोरण सैल झाले आणि परदेशस्थ मनुष्यालाही 'डॉट इन' घेता येऊ लागले. म्हणून ज्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट इन' आहे त्याचा मालक हिंदुस्थानातच असेल, किंवा त्याचा सर्व्हर येथेच असेल, असा निष्कर्ष काढणे म्हणजे गाडीवर 'एमएच 12' पाहून आतला गृहस्थ पुणेकर असल्याचे ठरविण्यासारखेच होय. उलट, रिझर्व्ह बँकेने 2025 साली बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव विभाग सुरू केला. तेथे प्रवेशापूर्वी ओळख तपासली जात असल्याने त्या अक्षरांना पुराव्याचे मोल आहे.

मग अंत्याक्षरांतून निश्चित असे काय कळते? ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, तेथील कंपन्यांचा 'डॉट ईयू' वापरण्याचा हक्क 1 जानेवारी 2021 पासून संपला. त्यांची कचेरी, त्यांचा माल, त्यांची गिऱ्हाइके जेथल्या तेथे होती, तरी नाव मात्र गेले, कारण ते दुसऱ्याच्या वहीत होते. पत्त्याचे शेपूट राहणाऱ्याचे गाव सांगत नाही, नाव कोणाच्या मर्जीवर टिकून आहे तेवढे सांगते.

हे सारे शांतपणे ऐकून घेऊन मामलेदार म्हणाले, "म्हणजे शिवार कोठे आहे ते विचारू नये, चावडी कोठे आहे ते विचारावे." तीस वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.