निकाल झाकून ठेव

प्रिय विभागप्रमुखसाहेब,

(आता असंच म्हणायचं ना? जिभेला सवय व्हायला वेळ लागेल, तोवर रागावू नकोस.)

व्याख्यानांसाठी बाहेरून कुणाला बोलवावं, एवढंच तू विचारलं होतंस. नावं फोनवर सांगीन, ती काही पळून जात नाहीत. पण त्याच पत्रात तू अगदी जाता जाता लिहिलंस की दर आठवड्याची, दगावलेल्या रुग्णांवरची मॉर्टॅलिटी मीट आता तीन महिन्यांतून एकदा होईल आणि तिच्या वेळेत ऑनलाइन व्याख्यानं ठेवली जातील. ते वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. तू दिलेली कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. या मीटिंगमध्ये शिकवणं कमी आणि झोडपणं जास्त होतं, केस मांडणारा रेसिडेंट आदल्या रात्री झोपत नाही, आणि शेवटी ‘यापुढे काळजी घ्या’ यापलीकडे कुणाच्या पदरात काही पडत नाही. सगळं कबूल. पण औषधाचा डोस चुकतोय म्हणून औषधच बंद करायचं, हे तुला कुणी शिकवलं? आपण तरी नाही शिकवलं बाबा.

दुखणं वेगळ्या जागी आहे. आपण केस निवडतो ती निकाल बघून, आणि मांडतोही निकाल सांगूनच. तुझ्याच न्यूरोसर्जरीतलं उदाहरण घे. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा सत्तरीचा रुग्ण, सीटीवर पातळसा सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली साकळलेलं रक्त), पण पूर्ण शुद्धीवर. गोळी थांबवली, तिचा परिणाम उलटवला, लक्ष ठेवायचं आणि काही तासांनी पुन्हा सीटी करायचा असं ठरलं. असे दोन रुग्ण धर. एकाची गुठळी विरून गेली, दुसऱ्याची पहाटे वाढली आणि तो गेला. निर्णय दोन्हीकडे तोच, पण मीटिंगमध्ये येतो फक्त दुसरा, आणि पहिल्याच स्लाइडवर मृत्यूची तारीख असते. मग सभागृहातल्या प्रत्येकाला ‘हे तर दिसतच होतं’ असा साक्षात्कार होतो. पाऊस पडला म्हणून पेरणी शहाणपणाची ठरत नाही, हे शेतकऱ्याला कळतं आणि आपल्या पदव्यांना कळत नाही. हे माझं नुसतं मत नाही. १९९१ साली कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११२ भूलतज्ज्ञांपुढे २१ केसेस ठेवल्या होत्या. प्रत्येक केसची दोन रूपं केली होती. उपचार शब्दशः तेच, फक्त एकात इजा तात्पुरती आणि दुसऱ्यात कायमची. मुळात तात्पुरती असलेली इजा कायमची म्हणून दाखवली, तेव्हा उपचार योग्य होते असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्के अंकांनी घसरलं. परीक्षक अनुभवी होते, आणि (सांगायला लाज वाटते) माझ्याच बिरादरीतले. मग तुझ्या पहिल्या वर्षाच्या एमसीएचच्या मुलाने यातून काय शिकायचं? रुग्ण वाचला तर निर्णय बरोबर, गेला तर चूक, हेच ना?

सर्जन अर्नेस्ट कॉडमन तुला ठाऊक आहे. बोस्टनमध्ये विद्यार्थी असताना त्याने हार्वे कुशिंगच्या जोडीने ईथर देताना नाडीची नोंद ठेवण्याचे तक्ते सुरू केले. मॉर्टॅलिटी मीटचा आजोबा म्हणून आपण त्याचं नाव घेतो, पण त्याचं खरं मर्म विसरतो. १९११ ते १९१६ या काळात त्याच्या छोट्याशा रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले, आणि त्याने १२३ चुका छापून जाहीर केल्या. चूक कौशल्याची, निर्णयाची, निदानाची की काळजीची आणि साधनांची, अशी वर्गवारीही केली. यातला १२३ हा आकडा सगळे सांगतात. मला मोलाचा वाटतो तो ३३७, कारण त्याने हिशेब सगळ्यांचा ठेवला, फक्त बिघडलेल्यांचा नाही. कुशिंगनेही १९३२ साली आपल्या मेंदूच्या ट्यूमरच्या दोन हजार केसेसचा आढावा प्रसिद्ध केला तो मृत्यूच्या टक्केवारीसकट, आणि टक्केवारी काढायची तर बरे झालेलेही मोजावेच लागतात. आपल्या मीटिंगमध्ये एकूण रुग्णांचा तो छेदच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमधून दर आठवड्याला दोन केसेस चिठ्ठी टाकून काढ. झालेले मृत्यू वेगळे येतीलच, ते वगळू नकोस. केस निर्णयाच्या क्षणापर्यंत मांडायची आणि तिथे थांबायचं. त्या वेळी हातात असलेली माहिती तेवढी पडद्यावर. मग प्रत्येकाने आपला निर्णय आणि त्याचं कारण कागदावर लिहायचं, धाकट्याने आधी बोलायचं, तू सगळ्यांत शेवटी. निकाल त्यानंतर. तू म्हणशील, विभागात निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो. दुसऱ्या युनिटची केस घे, जुनी घे, नाव-गाव-तारीख काढून टाक. थोडं कृत्रिम होईल खरं, पण मेलेल्या माणसाची फाइल उघडून शहाणपण मिरवणं काय कमी कृत्रिम आहे? वेळेचं म्हणशील, तर तीन महिन्यांनी भरणारी मीटिंग वेळ वाचवत नाही. तोपर्यंत त्या रात्री काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं याची सरमिसळ झालेली असते, आणि प्रत्येकाची कहाणी घासूनपुसून लख्ख झालेली असते.

व्याख्यानांना माझा विरोध नाही. मात्र व्याख्यान ऐकताना कुणालाच निर्णय घ्यावा लागत नाही, आणि कॅमेरा बंद करून त्या वेळात जेवणही उरकता येतं, हे तुला मी सांगायला नको.

एका आक्षेपावर मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, तो कायद्याचा. अमेरिकेत अशा चर्चेच्या कागदपत्रांना राज्याराज्यांच्या कायद्यांचं संरक्षण असतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले, पण या चर्चेला तसं स्पष्ट कवच मिळालेलं नाही. गंमत अशी की २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निर्णयातली चूक हा काही निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. न्यायाधीशांना कळलेला फरक आपल्या मीटिंगमध्ये का पाळला जाऊ नये? तरीही पहिली बैठक घेण्याआधी कॉलेजच्या कायदा सल्लागाराशी बोलून घे. नोंदवहीत निर्णय, कारण आणि पुढे करायचा बदल एवढंच असू दे, व्यक्तीचं नाव नको. आणि ती वही रेसिडेंटच्या मोबाइलवर फोटो होऊन फिरू लागली तर काय करशील, याचा विचार आजच कर. मला झोप लागत नाही ती त्या फोटोच्या भीतीने. बाकी सगळं तू निभावशील.

चिठ्ठीत पहिल्या महिन्यात तुझी स्वतःची केस निघाली नाही, तर मुद्दाम घाल. नाहीतर मुलं तोंड उघडणार नाहीत.

कळावे,
तुझी ताई