सौताड्याला जा, पण आत्याला घेऊन!

धबधबा म्हटलं की आपली गाडी आपोआप लोणावळ्याकडे वळते. भुशी डॅमच्या पायऱ्यांवरची पब्लिक, भाजलेली कणसं आणि परतताना ट्रॅफिक जॅम. 'मराठवाड्यात धबधबा? तिकडे तर टँकर असतात ना?' पुण्यातल्या एका मैत्रिणीने मला सिरियसली विचारलं.

असतात. पण धबधबेही असतात.

माझी आत्या वडीगोद्रीची. जालना जिल्ह्यातलं, धुळे-सोलापूर हायवेवरचं हे गाव २०२४ च्या उपोषणामुळे टीव्हीवर झळकलं. त्याआधी माझ्या ग्रुपमध्ये कुणी नावही ऐकलं नव्हतं. ऑगस्टमध्ये तिच्याकडे गेले आणि सौताड्याचा विषय काढला. 'तिथं रामेश्वर हाय ना? मग येते मी,' म्हणत तिने पिशवीत दशम्या भरल्यासुद्धा. धबधब्यात इंटरेस्ट शून्य. साठी ओलांडली तरी तिने एकही पाहिला नव्हता.

शहागडला गोदावरी ओलांडली, गेवराई, बीड मागे टाकलं आणि मांजरसुंब्याहून पाटोद्याचा रस्ता धरला. हे बालाघाटाचं पठार. सौताड्यापर्यंत नुसता माळ, आणि मग एकदम जमीनच संपते! खाली खोल दरी. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे काळे थर एकावर एक रचलेले, आणि त्या कड्यावरून विंचरणा नदी स्वतःला थेट खाली झोकून देते.

बरेच जण वरूनच फोटो काढून परततात. प्लीज, तसं करू नका. (आणि सेल्फीसाठी कड्यावर तर अजिबात नको, शेवाळ असतं.) खरी मजा पायऱ्या उतरून गेल्यावर. आत्या गुडघ्यावर हात ठेवत, मध्ये मध्ये बसत उतरली. खाली रामेश्वराचं देऊळ, अंगावर तुषार, आणि आवाज एवढा की ओरडून बोलावं लागतं.

दर्शन झालं, तरी आत्या हलेना. धबधब्याकडे बघतच राहिली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, त्यात तिचीही गेली. जायकवाडीचा डावा कालवा त्याच भागातून जातो, पण धरणच रिकामं, तर कालवा काय देणार? टँकरचं पाणी विकत घेऊन तिने झाडं जगवून पाहिली. शेवटी कुऱ्हाड लावली. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही.

'कुठं जातं गं हे सगळं पाणी?' तिने विचारलं.

मी येताना वाचून आले होते. विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. याच पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र गोदावरीला जाते, तीही थेट तेलंगणाच्या सीमेवर, वडीगोद्रीच्या कितीतरी खाली.

'म्हंजी आपल्याकडं नाहीच.'

'नाही.'

'बरं,' म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं. तुषारच असतील.

जायचं तर जुलै ते सप्टेंबरमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर. उन्हाळ्यात नुसता कडा दिसतो. बूट ग्रिपवाले घ्या, आणि वर चढायला दम ठेवा.

गाडीत बसताना पाहिलं, तर आत्याने पाण्याची रिकामी बाटली भरून आणली होती. तुळशीला घालायला म्हणे. शहागडचा पूल ओलांडताना ती बाटली मांडीवर घट्ट धरून ती शांत झोपली होती.